शुक्रवारचं नाव

८ मार्च १९७६, श्कोदर

पुन्हा वही धरली. लॅटिनमध्ये लिहितो आहे. गल्लीत लॅटिन कळणारे होते ते सगळे पाद्री, आणि देवधर्मावर बंदी आल्यापासून पाद्री उरलेले नाहीत. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

प्रेंकला जाऊन महिना होत आला. माझा एकुलता एक मुलगा, वय चोवीस, शिरोकाच्या मच्छीमार संघात नावाडी. फेब्रुवारीत एका पहाटे जाळं घेऊन तळ्यावर गेला आणि दुपारी त्याची होडी उलटी तरंगताना सापडली, सरहद्दीच्या अगदी जवळ. तो सापडला नाही. पलीकडचा काठ युगोस्लाव्हियाचा. तळं फार खोल नाही, पण थंडीत ते गिळलेला माणूस लवकर परत देत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. जाताना त्याने चांगले बूट घातले होते, लग्नातले. मासे धरायला कुणी लग्नातले बूट घालतं का? पहिल्यापासून निष्काळजी.

आज महिला दिन. गल्लीच्या समितीची अध्यक्ष साब्रिये दारोदार कार्नेशनची फुलं वाटत आली. माझी बायको म्रीका लाल स्वेटर घालून दारात गेली आणि फूल घेऊन आली. मी म्हणालो, "निदान आज तरी काळं घालायचंस. लोक बघतात."

"काळं कशाला? प्रेत कुठाय?"

आईचं मन. सून द्राने कोपऱ्यात बसून बाळाची दुपटी शिवत होती. जूनमध्ये बाळंत होईल. तीही रडत नाही. या घरात रडणारा मी एकटाच.

१६ मार्च

शहराची नावसमिती गेल्या वर्षापासून चालू आहे, आता तिच्यावर मलाही घेतलं आहे. आम्ही तिघं: वस्तुसंग्रहालयाचे संचालक, शिक्षण खात्याचा एक तरुण आणि मी, कबरीवरचे शिलालेख वाचणारा. संतांची आणि पैगंबरांची नावं आता चालणार नाहीत. बाळांना आपल्या पूर्वजांची, म्हणजे इलिरी लोकांची, नावं द्यायची. ती यादी मी करायची.

इलिरी ही आपल्या भाषेची आई, असं ठरलेलं आहे. असेलही. मला तसं वाटतंसुद्धा. पण आईचे किती शब्द हाती आहेत? एका पानावर मावतील एवढे. बाकी सगळी नावं, तीही थडग्यांवरची. त्यावरून आमचे विद्वान काय काय उभं करतात! दार्दानिया म्हणजे नासपतीचा देश, कारण नासपतीला आपण 'दार्ध' म्हणतो. दाल्मातिया म्हणजे मेंढ्यांचा देश, कारण मेंढी म्हणजे 'देल्मे'. एक असेल, दोन असतील, पण सगळंच कसं असेल? उद्या चंद्रालाही कुणी इलिरी करील.

प्रेंक या समितीची फार थट्टा करायचा. जानेवारीत संघात सगळ्यांसमोर म्हणाला, "माशांनाही इलिरी नावं द्या. म्हणजे कार्प जाळ्यात रांगेनं येतील, मीच पहिला कार्प!" ते कुणीतरी वर पोचवलं आणि त्याला एकदा बोलावून घेतलं. परत आला तो हसतच. त्यानंतर तो आईशी फार वेळ बोलत बसायचा. मी खोलीत शिरलो की दोघं गप्प व्हायची. आईचा लाडका, दुसरं काय.

यादीत दोन रकाने केले: 'इलिरी' आणि 'चर्चची'. चर्चच्या रकान्यात प्रेंक हे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं. लिहिताना हात थांबला होता, पण नियम म्हणजे नियम.

२८ मार्च, रविवार

गृहखात्याचा कॅप्टन रेजेप आला. ट्रोपोयाच्या डोंगरातला माणूस, हात फावड्याएवढे. कॉफी घेतली, पाहुण्याला देतात ती राकीची दारू घेतली नाही. त्यावरूनच मला कळलं की हा घरचा पाहुणा नव्हे.

"मास्तर," तो म्हणाला, "वर दोन कागद तयार आहेत. एकावर लिहिलंय तुमचा मुलगा बुडाला. दुसऱ्यावर लिहिलंय पळाला. कुठल्यावर सही करू?"

"बुडाला," मी म्हणालो, आणि मला रडूच फुटलं. परक्या माणसासमोर, हनुवटीवरून पाणी गळेपर्यंत रडलो.

तो बघत राहिला. "तुमचं रडणं खरं आहे. ते मला कळतं. पण घर रडत नाही, मास्तर. तुमची बायको लाल स्वेटरमध्ये फिरते. बुडाला असेल तर विलापाला बायका का बोलावल्या नाहीत?"

म्रीका चुलीपाशी होती. ती वळली नाही.

"असू दे," कॅप्टन उठला. "मी डोंगरातला. मला कागदापेक्षा रीत कळते. सून बाळंत झाली की बघू. बाप मेलेला असेल तर पोराला बापाचं नाव द्याल. जिवंत असेल तर नाही देणार."

आमच्याकडे याला नाव उभं करणं म्हणतात. माणूस गेला की त्याचं नाव आडवं पडतं. नंतर जन्मलेल्या पोराला ते दिलं की पुन्हा उभं राहतं. जिवंत माणसाचं नाव त्याच घरातल्या पाळण्यात कुणी टाकत नाही. टाकलं तर तो मरतो, एवढं साधं आहे ते. मी असल्या गोष्टी मानत नाही. म्रीका मानते, तिची आई मानायची, आणि बहुधा कॅप्टनही मानतो.

"पण प्रेंक हे नाव आता चालत नाही," मी म्हणालो.

"यादी कुणाची आहे?" तो दारातून म्हणाला.

तो गेल्यावर म्रीकाने डोक्यावरच्या रुमालाने माझं तोंड पुसलं. "रडा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या वाटचंही रडता. चांगलं रडता." तिच्या आवाजात माया होती. बऱ्याच दिवसांनी.

२ एप्रिल

नावांसाठी समितीच्या दारात रांग. ज्याला त्याला तेउता हवी, राणी होती म्हणून. आमच्या एका गल्लीत आता तीन तेउता आहेत आणि तिघी एकाच नळावर भांडतात. एका म्हाताऱ्याला नातवासाठी प्लातोर हे नाव सुचवलं तर त्याने विचारलं, "हा प्लातोर कशाने मेला?" मी म्हणालो, थडग्यावर तेवढं लिहिलेलं नाही. "मग नको," तो म्हणाला, "न जाणो काय अंगाला चिकटायचं."

साब्रियेलाही नाव बदलायचं आहे. "गास्परभाऊ, मला एखादं असं द्या की नवरा घाबरेल," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून: "म्रीकाला सांगा, एकदा तरी छाती बडवून रड. मलाही रिपोर्ट लिहावा लागतो हो. दर वेळी काय लिहू, वाल निवडत होती?"

माझंही नाव बदललं. सोमवारपासून मी गेंट. संचालकांनी हाक मारली तर कुणीच वळलं नाही, मीसुद्धा.

११ एप्रिल, रविवार

म्रीकाला नवीन खूळ लागलं आहे. रविवारी दुपारी तितोग्राड रेडिओ लावते, आवाज अगदी बारीक, कान पेटीला चिकटवून. पलीकडचं ऐकणं धोक्याचं आहे, मी किती वेळा सांगितलं. "गाणी ऐकते," म्हणते. मुलगा जाऊन दोन महिने झाले आणि ही गाणी ऐकते!

आज श्रोत्यांच्या फर्माइशी चालू होत्या. लग्नातलं एक जुनं गाणं लागलं. ते सरहद्दीपलीकडच्या उल्चिनच्या कुणा 'कार्प' नावाच्या श्रोत्याने घरच्या सगळ्यांसाठी मागितलं होतं. काय एकेक नावं घेतात लोक. कार्प गोड्या पाण्यातला मासा आणि उल्चिन समुद्रावर. एवढंही यांना कळू नये. मी तसं म्हणालोही. म्रीकाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिची कॉफी उतू गेली. द्राने उठून मागच्या खोलीत गेली. तिथून हसल्यासारखा आवाज आला. गरोदर बायकांना असं होतं म्हणतात.

शोक माणसाला काय करील सांगता येत नाही. मला दोघींची काळजी वाटते.

२७ एप्रिल

समोरच्या निकोलांना नेलं. त्यांचा थोरला गेल्या वर्षी पळाला होता. सकाळी ट्रक आला, दोन गाद्या, एक पातेलं आणि माणसं चढवली, दाराला मेणाचं सील लागलं. खाली दलदलीच्या गावात पाठवलं म्हणतात. पत्र्याच्या खोल्या आणि डास. त्यांची धाकटी सून ओली बाळंतीण. ट्रकवर बसून तिने बाळाला शालीखाली घेतलं तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या बंद होत्या. माझीही होती. फटीतून पाहिलं.

द्राने पोटावर हात ठेवून तिथंच जमिनीवर बसली.

मी ठरवलं आहे. या घरातून ट्रक जाणार नाही. मुलगा मी वाचवू शकलो नाही, पण त्याचं नाव उभं करीन, आणि ते नाव या दोघींना वाचवील.

९ मे

उपाय माझ्याच कपाटात होता.

प्रेंक हे नाव प्रेंदेवरून आलं. चर्च तिला संत म्हणायचं. पण आमच्या म्हाताऱ्या तिला चर्चच्या आधीपासून ओळखतात. शुक्रवार तिचा. शुक्रवारी सुई धरायची नाही, धुणं धुवायचं नाही. इंद्रधनुष्याला त्या प्रेंदेचा पट्टा म्हणतात. कुठल्या संतिणीला इंद्रधनुष्याचा पट्टा असतो? लॅटिनमध्ये शुक्रवार व्हीनसचा, आणि आपल्या भाषेत तो 'प्रेम्टे', म्हणजे प्रेंदेचा. मंगळवार, बुधवार रोमचे देव घेऊन गेले, शुक्रवार तेवढा आपल्याकडे राहिला. म्हणजे प्रेंदे ही जुनी देवी, इलिरी देवी, आणि प्रेंक हे चर्चचं नावच नव्हे.

पुष्कळांनी हे सुचवलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मीच त्यावर लिहिलं होतं: 'आकर्षक, परंतु असिद्ध.' मधल्या हजार वर्षांत तिचं नाव कोरलेला एकही दगड नाही. दगड आजही नाही. पण आता 'असिद्ध' हा शब्द मला परवडत नाही. शिष्याने असं टिपण आणलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

संध्याकाळी म्रीकाला सांगितलं. वाटलं होतं, हरखेल. तिच्या हातून काचेची बशी निसटून फुटली.

"नको," ती म्हणाली.

"अगं, प्रेंकचं नाव उभं राहील."

"त्याला राहू द्या तसंच. हात जोडते, दुसरं काहीही ठेवा."

"तो गेला, म्रीका. किती दिवस असं करणार?"

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं, मग दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या तोंडावर सगळं दिसतं हो," एवढंच म्हणाली आणि काचा गोळा करायला बसली. माझ्या तोंडावर काय दिसतं, ते सांगितलं नाही.

२१ मे

टिपण मान्य झालं. संचालकांनी पाठ थोपटली, राजधानीतून शाबासकीची तार आली. प्रेंक आणि प्रेंदा ही दोन्ही नावं इलिरी रकान्यात गेली. आयुष्यभर सावधपणे लिहिलं ते कुणी वाचलं नाही; हे एक बेधडक लिहिलं आणि तार आली.

कॅप्टन रस्त्यात भेटला, सायकल थांबवून म्हणाला, "मास्तर, मी आता आग्रोन बरं का. तुमच्याच यादीतून उचललं." मग हसू आवरून: "मोठं काम केलंत. आता मुलगा होऊ द्या."

२ जून

मुलगी झाली. गोरी, डोक्यावर भरपूर जावळ. द्राने सुखरूप.

म्रीका आनंदाने वेडी व्हायची बाकी. "मुलगी! मुलगी!" करत तिने दाईच्या गालांचे मुके घेतले. आमच्याकडच्या डोंगरात मुलगी झाली की घराचा खांब रडतो म्हणतात, आणि ही नाचते आहे. "आता नावाची भानगडच नाही," ती मला म्हणाली. "तेउता ठेवू. छान आहे तेउता."

चौथी तेउता.

३ जून

कॅप्टन आग्रोन. या वेळी कॉफीही घेतली नाही.

"मुलगी झाली हे उत्तर नाही, मास्तर. वरून विचारतात, बुडाला की पळाला? मी काय लिहू, तेउता?"

मी म्हणालो, मूळ नाव बाईचंच आहे. प्रेंदे. देवी होती ती. मुलीला ते मुलापेक्षा जास्त शोभतं, आणि ते यादीत आहे. सुचलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्याने विचार केला. "चालेल. मुलगा नसला की आमच्याकडेही बापाचं नाव मुलीला देतात. पण आजीनं घ्यायचं. तिसऱ्या संध्याकाळी, चारचौघांत, बाळाला हातात घेऊन. बाप खोटं बोलेल, बायको खोटं बोलेल. आई जिवंत लेकाचं नाव पाळण्यात टाकणार नाही. साब्रिये येईल ऐकायला."

म्रीका दाराआड होती. सगळं ऐकलं होतं.

"नाही घेतलं तर?" तो गेल्यावर तिने विचारलं.

"ट्रक."

"द्रानेलाही? हिलाही?"

"निकोलांच्या सुनेचं बाळ गेलं म्हणतात तिकडे. तापाने."

ती बाळाजवळ जाऊन बसली. द्राने म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तसं. आपण ट्रकनं जाऊ." मला तिचा राग आला. नवऱ्याचं नाव मुलीला द्यायला जड जातं हिला, आणि दलदलीत जायला तयार! या घरात अक्कल एका माझ्यापाशीच उरली आहे की काय?

५ जून, शनिवार

झालं.

तिसऱ्या संध्याकाळची भाकर म्रीकाने स्वतः मळली. उघडपणे असलं काही करायला बंदी आहे, म्हणून आम्ही त्याला कॉफीचं निमंत्रण म्हटलं. गल्लीतल्या सात-आठ बायका आल्या. साब्रिये खुर्ची ओढून पाळण्याजवळ बसली. तिने माझी नजर टाळली.

म्रीकाने बाळाला उचललं. बराच वेळ नुसती धरून उभी राहिली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. द्रानेने पलंगावर तोंड भिंतीकडे केलं होतं.

"म्रीका," साब्रिये हळूच म्हणाली, "बाई, घे काय ते. सगळ्यांना घरी जायचंय."

"प्रेंदा," म्रीका म्हणाली. "प्रेंकची प्रेंदा. माझ्या प्रेंकचं नाव उभं केलं." आवाज स्पष्ट होता. अंगणापर्यंत ऐकू गेला असेल.

मग तिने बाळाला साब्रियेच्या मांडीवर ठेवलं, डोक्यावरचा रुमाल ओढून काढला आणि खाली बसली. चार महिने जे आलं नाही ते तेव्हा आलं. मी आयुष्यात पुष्कळ विलाप ऐकले, भाड्याने आणलेल्या बायकांचेही ऐकले, पण असा नाही. नखांनी गाल फाडले तिने. "मी मारलं रे तुला," म्हणत होती. "या तोंडानं मारलं. पोहून दमलेल्या माझ्या लेकरा, आईनं मारलं तुला." बायका तिच्याभोवती बसल्या आणि सूर धरला. साब्रियेसुद्धा रडली. रडतरडतच उठली आणि रिपोर्ट द्यायला गेली.

आया स्वतःलाच दोष देतात. मी असं पुष्कळदा पाहिलं आहे.

७ जून

कॅप्टन आला, टोपी काढून. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "आयुष्य तुम्हाला लाभो." मेलेल्याच्या घरी म्हणतात ते. पहिल्या कागदावर सही झाली. आता लोकही येऊ लागले आहेत, दिवसभर ये-जा. आमचं घर पुन्हा माणसांत आलं.

म्रीका काळ्यात आहे. गालांवर खपल्या धरल्या आहेत. जेवत नाही, पण ते होतं पहिले काही दिवस. निदान तिला पटलं. माझ्या विद्येचा जन्मात एवढा तरी उपयोग झाला.

दुपारी ती अचानक माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती कधी येत नाही इथे.

"तुमचं ते शुक्रवारचं," ती म्हणाली. "खरं आहे का?"

"म्हणजे?"

"उद्या कुणी तुमच्याहून शहाणा निघाला, आणि म्हणाला की हे नाव मुळात त्यातलं नाहीच, दुसरंच कुठलं आहे. तर मग ते लागू झालं नाही, असं होतं का? परत घेता येतं?"

तिचे डोळे माझ्यावर असे खिळले होते की मला भरून आलं. बिचारीला वाटत असेल, एवढ्या कष्टाने उभं केलेलं पोराचं नाव कुणी पाडेल. टिपणात कुठे कुठे फटी आहेत ते मला ठाऊक आहे. एका पानात सांगता येतील. पण ते तिला कसं सांगणार? तिला धीर हवा होता.

"नाही," मी म्हणालो. "दगडावरची रेघ आहे ती. ती मोडायची कुणाची छाती नाही."

तिने मान हलवली. मग आतल्या खोलीत बायकांमध्ये जाऊन बसली, आणि पुन्हा सुरू झालं.